‘बाई, पण वर्ग कशाला करायचे?’

आदरणीय बाई,

नमस्कार. सातवी-आठवीला गणित शिकवण्याचं माझं हे दुसरं वर्ष. आलेख कागदावर बिंदू मांडणं मुलांना छान जमलं, म्हणून दोन बिंदूंमधलं अंतर काढायला घेतलं आणि तिथेच गाडी अडली. मी नियम लिहून दिला होता: ‘चिन्हं सारखी असतील तर वजाबाकी, वेगळी असतील तर बेरीज.’ सगळ्यांचा तोंडपाठ आहे. तरी चाचणीत (−५, १) आणि (−२, १) यांच्यातलं अंतर निम्म्या वर्गानं ७ लिहिलं, काहींनी −३. तिरक्या रेषेचं तर विचारूच नका. अंतराचं सूत्र फळ्यावर लिहिलं तेव्हा एका मुलानं विचारलं, “बाई, पण वर्ग कशाला करायचे?” मी म्हटलं, “ते पुढच्या वर्षी कळेल.” खरं सांगायचं तर मलाच धड सांगता आलं नसतं. पुढच्या आठवड्यात हा भाग पुन्हा घेणार आहे. सुरुवात कुठून करू?

— एक शिक्षिका

प्रिय ताई,

चाचणीचे पेपर कपाटात गेले असतील तर पुन्हा बाहेर काढा. त्या ७ मध्ये बरंच काही दडलंय.

तुमच्या पत्राचा सूर असा आहे की नियम पाठ असूनही मुलं चुकली. मला वाटतं, नियम पाठ होता म्हणूनच चुकली. पूर्णांकांची बेरीज शिकवताना आपण त्यांना काय सांगतो ते आठवा: ‘चिन्हं सारखी तर बेरीज करा, वेगळी तर वजाबाकी.’ ते घोटून घोटून घेतो. आणि अंतराच्या वेळी सांगतो, ‘चिन्हं सारखी तर वजाबाकी, वेगळी तर बेरीज.’ बरोबर उलटं! शब्द तेच, चाल तीच, फक्त जागांची अदलाबदल. चाचणीच्या घाईत जे आधी पाठ झालं तेच आधी हाताशी येतं. ७ लिहिणारं मूल नियम इमानेइतबारे पाळतंय, पण तो दुसऱ्या धड्यातला.

माझ्याही वर्गात एका मुलीनं नेमकं हेच उत्तर काढलं होतं. मी विचारलं, “७ कसे?” तर म्हणाली, “दोन वजा आले की अधिक होतं ना!” म्हणजे तिसराच नियम, गुणाकारातला. त्या दिवशी मला उमगलं की चिन्हांचे नियम या मुलांच्या डोक्यात एकाच डब्यात पडलेले असतात आणि हात घालून जो लागेल तो ती बाहेर काढतात. त्यात मी अजून एक टाकत होते. तेव्हापासून अंतराचा नियम फळ्यावर लिहिणं मी बंद केलं.

त्याऐवजी ‘किती?’ विचारण्याआधी ‘कुठे?’ विचारायचं. (−५, १) आणि (−२, १) हे दोन बिंदू मांडून घ्या आणि आकडेमोडीचं नावही काढू नका. फक्त विचारा: वाय-अक्ष या दोघांच्या मधे आहे की दोघं त्याच्या एकाच बाजूला आहेत? एकाच बाजूला. त्यातला लांबचा कोण? −५ वाला, पाच घरं लांब. जवळचा दोन घरं. मग जवळच्यापासून लांबच्यापर्यंत जायला किती घरं? इथे मूल ५ मधून २ वजा करतं, आणि का वजा केले ते त्याला समोर दिसत असतं. आता (−३, २) आणि (४, २) घ्या. अक्ष मधे आला. बोट ठेवायला सांगा: तीन घरं अक्षापर्यंत, चार घरं अक्षापलीकडे. सात. तुमचा नियम तासाभरात मुलं स्वतःच तुम्हाला ऐकवतील, आणि तो ‘सारखी-वेगळी चिन्हं’ या भाषेत नसेल, ‘अक्ष मधे आला का’ या भाषेत असेल. ही भाषा बेरजेच्या नियमाशी गल्लत होऊ देत नाही.

केवलमूल्याच्या (|−५| म्हणजे ५) त्या दोन उभ्या रेघा त्यानंतर आणा. आधी आणल्या तर मुलांना ते चिन्ह पुसण्याचं यंत्र वाटतं. ‘अक्षापासून किती घरं लांब’ हे दहा वेळा बोलून झालं की त्या रेघा म्हणजे त्याच वाक्याचं लघुरूप ठरतात.

−३ लिहिणाऱ्यांचं काम सोपं आहे. त्यांनी वजाबाकी बरोबर केलीय. −५ मधून −२ गेले, −३ उरले. त्यांना इतकंच विचारा, “आणि उलट दिशेनं मोजलं तर?” ३ येतात. बिंदू तेच, मधली रेघ तीच. मग त्या वजा चिन्हानं आपल्याला लांबी सांगितली की दिशा? एवढ्यावर बहुतेक मुलं स्वतःच हसतात.

तुम्ही लिहिलं नाहीये, पण पेपरांत अजून एक चूक सापडेल, शोधा. (२, ३) ते (७, ३) हे अंतर कोणीतरी ६ लिहिलं असेल. हे मूल बिंदू मोजतं: दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, झाले सहा. त्याला मोजता येत नाही असं नाही. आपणच फळ्यावर मोजून दाखवताना खडू प्रत्येक उभ्या रेघेवर टेकवतो, पहिल्या बिंदूवरसुद्धा, म्हणून ते तसं शिकतं. खडू टेकवू नका, उडी काढा: एका रेघेवरून पुढच्या रेघेवर जाणारी छोटी कमान. मग कमानी मोजा. इतका साधा उपाय आहे, पण मला तो सुचायला काही वर्षं गेली.

आडव्या-उभ्याचा गोंधळही असतोच. वाय-निर्देशक सारखे दिसले की मुलं म्हणतात, “वाय सारखा, म्हणजे रेघ वाय-अक्षासारखी उभी.” मी इमारत करते. एक्स म्हणजे कितवी खोली, वाय म्हणजे कितवा मजला, शून्याच्या खाली तळघरं. दोघं एकाच मजल्यावर असतील तर लिफ्ट लागणार का? नाही, चालत जायचं, म्हणजे अंतर आडवं. खोली तीच आणि मजला वेगळा असेल तर लिफ्ट. (३, −२) पासून (३, ५) पर्यंत लिफ्ट किती मजले चढली, हे कोणीही चुकत नाही. याहून जास्त वेळ यावर घालवू नका.

आता तिरक्या रेषेकडे, म्हणजे तुमच्या त्या मुलाकडे. “पुढच्या वर्षी कळेल” मीही म्हटलेलं आहे, एकदा नव्हे, त्यामुळे त्याची टोचणी लावून घेऊ नका. पण उत्तर याच वर्षी देता येतं आणि सूत्राआधी देता येतं.

आधी मुलांना चुकू द्या. (०, ०) आणि (३, ३) जोडायला सांगा आणि अंतर विचारा. बहुतेक वर्ग ३ म्हणेल, कारण रेघ तीन घरं कोपऱ्यातून कोपऱ्यात ओलांडते. “चूक” म्हणू नका. प्रत्येकाला एक कागदाची पट्टी द्या. पट्टीची एक कड तिरक्या रेघेला लावायची, दोन्ही टोकांशी पेन्सिलीची खूण करायची, आणि पट्टी उचलून एक्स-अक्षावर आडवी ठेवायची, पहिली खूण शून्यावर. दुसरी खूण तीनवर येत नाही. चारच्याही थोडी पुढे जाते. वर्गात इथे जी कुजबुज होते ती थांबवू नका. कोणीतरी पट्टी पुन्हा लावून पाहील, कोणी शेजाऱ्याची मागेल. घराची बाजू आणि घराचा कर्ण एकाच लांबीचे नाहीत, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. तो द्यावा. मापपट्टीपेक्षा ही कागदाची पट्टी बरी, कारण मापपट्टी सेंटिमीटर सांगते आणि मुलं घरं सोडून त्या आकड्याच्या मागे लागतात.

म्हणजे तिरकी रेघ घरं मोजून मोजता येत नाही. मग काय मोजता येतं? क्षेत्रफळ. हीच सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे, म्हणून इथे सावकाश जाते.

(२, ०) आणि (५, २) हे बिंदू जोडून घ्या. रेघ तीन घरं उजवीकडे आणि दोन घरं वर जाते. आता या रेघेवर एक चौरस उभा करायचा, तिरका. पुढचे दोन कोपरे (३, ५) आणि (०, ३) वर येतात. मुलांना ते स्वतः शोधू द्या, ‘तीन उजवीकडे, दोन वर’ याचं वळणावर ‘दोन डावीकडे, तीन वर’ कसं होतं ते त्यांना सापडतं. मग या तिरक्या चौरसाभोवती सरळ चौरस काढायचा, ० पासून ५ पर्यंत, दोन्ही दिशांना. त्यात २५ घरं. चार कोपऱ्यांत चार काटकोन त्रिकोण उरतात, प्रत्येकाच्या काटकोनाच्या बाजू ३ आणि २, म्हणजे क्षेत्रफळ ३ घरं. चारांचे १२. पंचवीसमधून बारा गेले, तिरक्या चौरसाला १३ घरं राहिली. ज्या चौरसाचं क्षेत्रफळ १३ आहे त्याची बाजू किती? ३ नाही, ४ नाही, मधे कुठेतरी. ३.६ गुणिले ३.६ करून बघा, १२.९६ येतात. पट्टी लावा, खूण साडेतीनच्या किंचित पुढे पडते.

इथे वर्गमूळ हे कॅल्क्युलेटरवरचं बटण राहत नाही. चौरसाचं क्षेत्रफळ माहीत आहे, बाजू हवी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आता तो तुमचा मुलगा. ‘वर्ग’ आणि ‘चौरस’ हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द झालेत, म्हणून मुलांना ‘वर्ग कर’ म्हटलं की आकडा स्वतःशी गुणणं तेवढं आठवतं, चौकोन डोळ्यांसमोर येत नाही. मुळात तसं नव्हतं. आर्यभटानं दीड हजार वर्षांपूर्वी ‘वर्ग’ या शब्दाची व्याख्या देताना आधी चौरसच सांगितला आहे, त्याचं क्षेत्रफळ आणि दोन सारख्या संख्यांचा गुणाकार त्याच्या पाठोपाठ. त्या मुलाला हेच सांगा: वर्ग करायचे म्हणजे चौरस काढायचे. रेघ थेट मोजता येत नाही, तिच्यावरचा चौरस मोजता येतो.

तो हुशार असेल तर पुढचं विचारेल: दरवेळी एवढा मोठा चौरस काढत बसायचं का? नाही. कार्डशीटचे चार सारखे काटकोन त्रिकोण कापा, बाजू ३ आणि २, आणि ५ बाय ५ चा एक चौरस आखा. चारही त्रिकोण चार कोपऱ्यांत वर सांगितल्यासारखे ठेवा: मधे तिरका चौरस रिकामा राहतो, १३ घरांचा. आता तेच त्रिकोण जोडीजोडीनं लावून दोन आयत करा, ३ बाय २ चे, आणि ते मोठ्या चौरसाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत बसवा, एक आडवा, एक उभा. रिकामी जागा आता दोन तुकड्यांत आहे: एक ३ बाय ३ चा चौरस, एक २ बाय २ चा. ९ आणि ४. मोठा चौरस तोच, त्रिकोण तेच चार, म्हणजे रिकामी जागाही तेवढीच. १३ बरोबर ९ अधिक ४. त्रिकोण सरकवायचं काम मुलांच्याच हातानं होऊ द्या, तुम्ही फळ्यावर करून दाखवलंत तर अर्धी गंमत जाते. पायथागोरसचं प्रमेय तुमच्याकडे आधीच शिकवून झालं असेल तरीही हे करा. प्रमेय ‘आलेलं’ असणं आणि ते आलेख कागदावर ओळखू येणं यात अंतर असतं, आणि ते कुठल्याही सूत्रानं निघत नाही!

यानंतर दोन तास फक्त त्रिकोण. (१, २) आणि (४, ६) दिले की मूल काटकोनाचा कोपरा (४, २) वर काढतं, आडवी बाजू ३, उभी ४, कर्ण ५. कोपरा (१, ६) वर काढला तरी चालतं का, हा प्रश्न कोणीतरी विचारेल. चालतं, दोन्ही काढून बघू दे. मग अक्ष ओलांडणारी जोडी: (−२, ३) आणि (४, −५). आडवी बाजू ६, उभी ८, कर्ण १०. इथे पहिल्या दिवशीचं ‘अक्ष मधे आला का’ पुन्हा कामाला येतं. थेट सूत्रात आकडे घालणारी मुलं इथे ४ मधून −२ वजा करताना २ लिहून मोकळी होतात, आणि पुढची सगळी आकडेमोड बिनचूक करून उत्तर चुकवतात. ज्यानं त्रिकोण काढलाय त्याला बाजू समोर दिसते, तो २ लिहूच शकत नाही.

सूत्र सगळ्यात शेवटी, आणि तेही मुलांकडून. “आपण प्रत्येक वेळी काय केलं ते एका वाक्यात लिहा” असं म्हटलं की ‘आडव्या अंतराचा वर्ग अधिक उभ्या अंतराचा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ’ हे येतं. सध्या हे वाक्यच पुरे. एक्स आणि वायच्या पायाशी चिकटवलेले ते चिमुकले १ आणि २ काही मुलांना घातांक वाटतात. त्यांची घाई नको. घाई इतिहासानंही केली नाही. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञ-गणितीनं भूमितीला बीजगणिताची जोड दिली ती १६३७ मध्ये. अंतराचं हे सूत्र छापून आलं १७३१ मध्ये, क्लेरो नावाच्या फ्रेंच गणितीच्या पुस्तकात. मधे ९४ वर्षं गेली. (क्लेरो तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता, हे आठवीतल्या मुलांना जरूर सांगा. चेहरे बघण्यासारखे होतात.)

सूत्र आल्यावर एक चूक हमखास येणार: ९ अधिक १६ चं वर्गमूळ ३ अधिक ४, म्हणजे ७. यावर लाल रेघ ओढण्याआधी ते ७ कशाचे हे विचारा. ते निरर्थक नाहीत. कागदावरच्या रेघा न सोडता, कोपऱ्यावर वळून चालत गेलं तर (१, २) पासून (४, ६) पर्यंत बरोबर सातच घरं पडतात. सरळ तिरकं गेलं तर पाच. तिरकं जाऊनही सातच चालावं लागणार असेल तर तिरकं जायचं कशाला? यातून मुलांच्या हाती कायमची एक चाचणी येते: तिरकं अंतर दोन्ही बाजूंपेक्षा मोठं आणि दोघींच्या बेरजेपेक्षा लहान असलंच पाहिजे. उत्तर लिहिण्याआधी प्रत्येकानं हे पाहायचं. मी तर काही उदाहरणांत नुसतं ‘कोणत्या दोन पूर्णांकांच्या मधे?’ एवढंच विचारते, वर्गमूळ काढायला लावतच नाही.

आणि प्रमाण बदलून बघा. एका घराला २ एकके असा आलेख दिला की घरं मोजायला सरावलेली मुलं बिनधास्त निम्मं उत्तर देतात. हे मुद्दाम करावं, पण तिरक्या अंतराच्या पहिल्याच दिवशी नको.

सराव म्हणून वीस जोड्यांची यादी देऊ नका. एकच उलटा प्रश्न द्या: आरंभबिंदूपासून, म्हणजे (०, ०) पासून, बरोबर ५ एकके लांब असलेले, दोन्ही निर्देशक पूर्णांक असलेले सगळे बिंदू शोधा. अक्षांवरचे चार लगेच मिळतात. मग बराच वेळ शांतता. मग कोणाला तरी (३, ४) सापडतो, शेजारी (४, ३) म्हणतो, आणि चिन्हं बदलत बदलत एकूण बारा होतात. ते बारा बिंदू मांडून झाले की मागच्या बाकावरून आवाज येतो, “बाई, हे तर वर्तुळ!” मग कंपास काढा.

सुरुवात कुठून, हे तुम्ही विचारलंत आणि मी ते मागे ठेवलं, कारण वरचं सगळं डोळ्यांसमोर असल्याशिवाय ते पटलं नसतं. पेपर वाटून झाले की फळ्यावर ते ७ लिहा. कोणाचे ते सांगू नका, चूक असंही म्हणू नका. शेजारी संख्यारेषा आखा, (−५, १) जागेवरच राहू द्या, आणि विचारा: उत्तर खरोखर ७ यायचं असेल तर दुसरा बिंदू त्याच आडव्या रेघेवर कुठे सरकवावा लागेल? पटकन हात वर होतील, (२, १). बरोबर आहे म्हणा, पण खडू खाली ठेवू नका. “अजून एक जागा आहे,” एवढंच म्हणा आणि कोणीतरी (−१२, १) म्हणेपर्यंत थांबा.

तुमची,
बाई